जुन्या रायफलीचा भाव

एखाद्या वस्तूची किंमत काय, असं बँकेतल्या माणसाला विचारलं की तो आधी उलटा प्रश्न करतो : कशासाठी हवी आहे? विम्यासाठी किंमत वेगळी, तारणासाठी वेगळी, भावाभावांच्या वाटणीसाठी वेगळी आणि उद्या सकाळी दहाच्या आत पैसे हवे असतील तर आणखीच वेगळी. सोन्याच्या बाबतीत या चार आकड्यांत फारसं अंतर नसतं. शेतजमिनीत बरंच असतं. पण जुन्या शिकारी रायफलीत ते जेवढं असतं तेवढं मी दुसऱ्या कुठल्याच वस्तूत पाहिलेलं नाही. आणि गंमत अशी, की नोकरीच्या सगळ्या वर्षांत शिलाई यंत्रापासून ऊस गाळणाऱ्या चरकापर्यंत काय काय तारण म्हणून समोर आलं, पण बंदूक तारण ठेवून कर्ज दिल्याचं एकही प्रकरण मला आठवत नाही. ज्या वस्तूला बँक हात लावत नाही तिचा भाव ठरतो तरी कसा?

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर बंदुकीचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण विदर्भातले मालगुजार, खानदेशातले देशमुख, कोल्हापूर-साताऱ्याकडचे इनामदार, जंगलाचे ठेकेदार, निवृत्त फौजी, संस्थानातले डॉक्टर यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या घरी अजूनही एखादी रायफल कपाटात उभी असते. वापरणारा गेलेला असतो. मुलगा पुण्यात, नात कॅलिफोर्नियात. आणि मागं उरलेल्या बाईंना दर निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यातून निरोप येतो, की शस्त्र जमा करा. हा त्या घरांचा विषय आहे.

माझे एक स्नेही वर्धा जिल्ह्यात शेती करतात. वडिलांपासून त्यांच्याकडं बारा बोअरची दुनळी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका जिल्ह्याच्या गावातल्या दुकानातून एक जुनी रायफल घेतली आणि रीतसर परवान्यावर चढवली. किती पैसे दिले ते सांगत नाही. एका बऱ्यापैकी मोटारसायकलीची किंमत समजा. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘रिग्बी आहे साहेब. कॉर्बेटची होती ना, तीच.’ माझ्या एका कादंबरीत एक शिकारी आहे. त्यामुळं बंदुकीतलं मला कळतं असा या स्नेह्यांचा समज. ते रायफल दाखवायला मला घेऊन गेले.

मला यातलं जे थोडंफार कळतं ते आमच्या शाखेच्या सुरक्षा रक्षकामुळं. ऐंशीच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी नवाकोरा अधिकारी म्हणून गेलो, तेव्हा दारावर एक निवृत्त हवालदार बारा बोअर घेऊन उभे असत. दुपारी गर्दी ओसरली की ते शिकवत. त्यांचं पहिलं सूत्र असं, की लाकडाच्या चकाकीकडं बघू नये, नंबर बघावेत. मुलगी बघायला गेल्यावर साडीकडं बघणाऱ्यांतला तो प्रकार होतो, असं ते म्हणत. (उपमा जुन्या काळातली आहे, हवालदारही होते.)

तर नंबर. रायफलीच्या नळीवर एक असतो, मागच्या पोलादी खोक्यावर असतो आणि बोल्टवरही असतो. हे आपसात जुळले तर जोड मूळची. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा निघाला तर भाव तर उतरतोच, पण ती उडवणंही धोक्याचं. मग नळीवरचं नाव. इथं नवखा माणूस हमखास चकतो. नळीवर सोन्याच्या किंवा चांदीच्या तारेनं जे नाव भरलेलं असतं ते पुष्कळदा बनवणाऱ्याचं नसतं, विकणाऱ्याचं असतं. कलकत्त्याच्या मॅन्टन, रोडा, लायन अँड लायन या पेढ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून माल घेत आणि आपलं नाव घालून विकत. यातली रोडा कंपनी शिकाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच कारणानं इतिहासात गेली. ऑगस्ट १९१४ मध्ये तिची पन्नास माउझर पिस्तुलं आणि हजारो काडतुसं बंगालच्या क्रांतिकारकांनी गोदीतून दुकानाकडं जाणाऱ्या बैलगाडीसकट पळवली होती. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये साहेबलोकांना टोपीपासून तंबूपर्यंत सगळं मिळे, त्यात बंदुकाही. काळा घोड्याजवळ त्या नावाची इमारत आजही उभी आहे.

आमच्या स्नेह्यांच्या रायफलीवर कलकत्त्याच्याच एका पेढीचं नाव होतं. तिची घडण जर्मन माउझर पद्धतीची होती. त्या काळी हे सर्रास चाले. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातून पोलादी खोकी आणायची आणि त्यावर विलायतेत नळी नि दस्ता चढवायचा. लाकूड उतरवल्यावर नळीच्या पोटावर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे निघाले. विलायतेत प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून बघितल्याशिवाय विकता येत नाही. लंडनचं आणि बर्मिंगहॅमचं अशी दोन प्रूफ हाउसं हे काम करतात आणि पास झालेल्या नळीवर आपला ठसा मारतात. दागिन्यावर जसा हॉलमार्क, तसंच हे. ठसा बघितला की काळाचा अंदाज बांधता येतो आणि ती कुठल्या दारूसाठी बनली तेही कळतं.

मग ‘रिग्बी’ कुठून आली? दुकानदार साफ खोटं बोलला नव्हता. सात मिलिमीटरच्या जर्मन काडतुसाला इंग्रजांनी इंचात मोजून .२७५ असं नाव दिलं. लंडनच्या रिग्बी कंपनीनं त्या मापाच्या रायफली गाजवल्या, म्हणून काडतुसालाच लोक ‘.२७५ रिग्बी’ म्हणू लागले. रायफल त्या काडतुसाची होती, त्या कंपनीची नव्हती. नळीवर कोरलेल्या मापात ‘रिग्बी’ दिसलं की गिऱ्हाईक आपणहून उरलेलं वाक्य पूर्ण करतं. आमच्याकडं कर्ज मागायला येणारे ‘अमुक साखर कारखान्याशी संबंधित’ असं लिहायचे, तेव्हा तेही असंच असे; संबंध ऊस घालण्यापुरता.

खऱ्याखुऱ्या रिग्बीची, हॉलंड अँड हॉलंडची किंवा वेस्टली रिचर्ड्सची गोष्ट निराळी. या पेढ्यांनी आपल्या विक्रीच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. नंबर कळवून फी भरली, की रायफल कधी बनली, कुणासाठी बनली, कुठं रवाना झाली हे त्या वहीतून उतरवून मिळू शकतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं ओढलेली एक ओळ, आणि तिच्यावर आज किमतीत कितीतरी पटींचा फरक. कारकुनी पेशाच्या माणसाला याहून मोठं समाधान दुसरं नसेल.

नळीच्या आत बघायचं राहिलंच. रायफलीच्या नळीत आटे असतात. गोळी त्यांत पीळ घेत बाहेर पडते म्हणून लांबवर सरळ जाते. जुन्या काडतुसांच्या टोपीतली रसायनं उडाल्यावर क्षार मागं ठेवत. ते क्षार हवेतलं पाणी ओढून घेत आणि नळी आतून गंजे. म्हणून जाणते शिकारी तळावर परतल्यावर चहाच्या आधी नळीतून उकळतं पाणी ओतत, मग कोरडी करून तेल फिरवत. ज्यानं हे केलं नाही त्याची रायफल वरून नवरीसारखी आणि आतून पोखरलेली. स्नेह्यांची नळी आतून आरशासारखी निघाली. मूळ मालक शिस्तीचा असला पाहिजे. उलट दस्त्यावर मात्र घरच्या कुणीतरी दरवाज्याला लावायचं व्हार्निश फासलं होतं, आणि जाणकाराच्या लेखी एवढ्यानंही भाव पडतो. जुन्या वस्तूला नवी करण्याची आपली हौस महागात पडते. पितळेच्या समयांच्या बाबतीतही आपण हेच करतो.

निष्कर्ष असा, की रायफल उत्तम, साधारण शंभर वर्षांपूर्वीची, बर्मिंगहॅमची, रिग्बीची नव्हे. स्नेह्यांचा चेहरा पडला नाही. ते म्हणाले, ‘ते जाऊ द्या. दिलेल्या पैशाला महाग का स्वस्त, तेवढं सांगा.’

तेवढंच सांगणं सगळ्यांत अवघड. कारण आपल्याकडं रायफलीचा भाव रायफलीवर ठरत नाही, परवान्यावर ठरतो. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला. परवाना ज्याच्याकडं, तोच गिऱ्हाईक. म्हणजे बाजारातली मागणी जिल्हाधिकारी कचेरीत ठरते. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला परदेशी शस्त्रांची आयात सर्वसामान्यांसाठी बंद झाली, म्हणजे पुरवठाही थांबला. मग एक विचित्र बाजार तयार झाला. विलायतेत कुणी ढुंकून बघणार नाही अशी जुनी .३२ ची रिव्हॉल्व्हरं उत्तरेकडं लाखांनी विकली जाऊ लागली, कारण ती खिशात मावतात, रुबाब देतात आणि त्यांची काडतुसं मिळतात. आणि ज्या दुनळी एक्स्प्रेस रायफलींना लंडनच्या लिलावात हजारो पौंड मोजले जातात, त्या आपल्याकडं दुकानाच्या मागच्या खोलीत धूळ खातात, कारण त्यांची काडतुसं मिळत नाहीत आणि दोन रुपयांच्या नोटेएवढाही त्यांचा रोजच्या जगण्यात उपयोग नाही.

मग बाहेर नेऊन विकाव्यात? तिथं दुसरा कायदा आडवा येतो. शंभर वर्षं पुरी झालेली कलाकुसरीची वा ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तूत गणली जाते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे लंडनचा भाव हा आपल्यासाठी वर्तमानपत्रात वाचायचा भाव. तो ऐकून हुरळून जाणारे वारसदार मी पाहिले आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो, की जिथं तुम्ही विकू शकत नाही तिथला दर हा तुमचा दर नव्हे.

या बाजारात खरी चलती आहे ती .३१५ ची. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची ही साधी, ओबडधोबड रायफल. लष्करी .३०३ चं माप सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून हे वेगळं माप रूढ झालं. तिची काडतुसं आपल्याच खडकीच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं पुरवली. जातिवंत शिकारी तिच्याकडं नाक मुरडून बघतात, पण ती विकली जाते. आमच्या स्नेह्यांना त्यांच्या सुंदर .२७५ बरोबर सतरा काडतुसं मिळाली, तीही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. सतरा बार उडाले की रायफल ही एक लांब, देखणी काठी. तेव्हा महाग का स्वस्त, याचं उत्तर मी त्यांना बँकेच्या भाषेत दिलं : वस्तू म्हणून स्वस्त, गुंतवणूक म्हणून महाग.

आता त्या कॉर्बेटच्या रायफलीविषयी, कारण तिचं नाव घेऊन आजही माल खपवला जातो. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटनं चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिनं ४३६ माणसं मारल्याची नोंद आहे. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी नैनितालला दरबारात त्याला रिग्बीची .२७५ रायफल दिली. तिच्या दस्त्यावर तसं कोरलेली चांदीची पट्टी आहे. पुढं ती कॉर्बेटच्या प्रकाशकांकडं, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडं गेली आणि २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनं ती पुन्हा आपल्याकडं घेतली. म्हणजे बनवणाऱ्यानंच आपली वस्तू जुन्या बाजारात घेतली.

पण लोकांच्या बोलण्यात ‘चंपावतची वाघीण मारली ती रायफल’ असं सर्रास येतं आणि ते चूक आहे. ती वाघीण मारल्याचं बक्षीस म्हणून मिळालेली रायफल वाघीण मारताना कुठून असणार? कॉर्बेटनंच लिहून ठेवलंय, की त्याच्याकडं .५०० ची दुनळी होती आणि काडतुसं अवघी तीन. ती संपली तरी वाघीण उभीच होती. तेव्हा त्यानं धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली. ती इतकी जुनाट, की नळी आणि मागचा भाग यांच्यात फट पडलेली. शेवटचा बार त्या बंदुकीचा. त्याची गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. वाघीण आधीच मरणाला टेकली होती. चांदीच्या पट्टीची रायफल जगभर नावाजली गेली. तहसीलदारांच्या त्या फट पडलेल्या बंदुकीचं पुढं काय झालं, हे विचारणारा मला आजवर भेटलेला नाही.

गोष्टीची किंमत वस्तूला चिकटते, हे खरंच आहे. पण कुठल्या गोष्टीची? १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची नोंद म्हणून ती सांगितली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आणून कुनोत सोडावे लागले. ती रायफल उद्या कागदपत्रांसह बाजारात आली, तर तिला काय भाव येईल? माझा अंदाज, भरपूर. बाजाराला लाज नसते, कुतूहल असतं. आपला कायदाही इथं अर्ध्यावर थांबतो. वाघाचं कातडं, नखं, मुंडकं यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. भिंतीवर असेल तर मालकीचा दाखला लागतो. म्हणजे मेलेल्या वाघाची किंमत कायद्यानं शून्य केली. ज्या रायफलीनं तो मारला ती मात्र रीतसर विकता येते, आणि ‘हिनं अकरा वाघ मारलेत’ असं सांगून दोन पैसे जास्तही मागता येतात. मी असं सांगणाऱ्या दुकानदाराला एकदा विचारलं, पुरावा? तो म्हणाला, ‘वाघ थोडाच सही देऊन जातो?’ माझं मत सरळ आहे. कागद नसेल तर त्या वाघांचे पैसे देऊ नयेत. आणि कागद असेल, तर तो आधी वाचावा.

कारण स्नेह्यांच्या रायफलीबरोबर कागद आला होता. चामडी पेटीत नळी साफ करायच्या गजाचा एक कप्पा असतो. त्यात एक लांबट वही दुमडून ठेवली होती. दुकानदारानं ती बघितलीही नव्हती. रायफलीचा पहिला धनी चंद्रपूरकडचा जंगल ठेकेदार. वही १९५३ पासून १९६८ पर्यंतची. ठेकेदारीच्या हिशेबासारखी आखलेली. तारीख, ब्लॉक, नाला किंवा पाणवठा, जनावर, काडतुसं किती, परमिटची फी, हाक्याचा खर्च. सांबर, चितळ, रानडुक्कर, अस्वलं, चार वाघ. दोनदा ‘रानम्हैस दिसली, सोडली’. ताडोब्याचं राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये. त्याच्या आसपासच्या रानातल्या जनावरांचा हा एका माणसाचा पंधरा वर्षांचा जमाखर्च. व्यंकटेश माडगूळकर, जे स्वतः बंदूक घेऊन रानात हिंडलेले होते, ते पुढं वही घेऊन नागझिऱ्यात जाऊन राहिले. हे ठेकेदार काही माडगूळकर नव्हेत. पण वही ती वहीच.

मी ती लेजर तपासावं तशी वाचली. हाक्याला किती माणसं, प्रत्येकी किती आणे, हे प्रत्येक वेळी आहे. माणसांची नावं कुठंच नाहीत. ‘माणसं ३८’, ‘माणसं ४२’. १९५९ च्या मार्चमध्ये एक नोंद आहे : ‘अस्वल उलटलं. हाक्यातला एक जखमी. रु. २५ दिले.’ त्याच पानावर काडतुसं तीन आणि खाली बेरीज बरोबर. पंचवीस रुपये कशाचे? औषधाचे, डोळ्याचे, की गप्प बसण्याचे? हिशेब चोख असला की प्रश्न विचारायचे नसतात अशी आमच्या पेशाची एक वाईट सवय आहे; ही वही वाचताना ती मला सोडावी लागली.

स्नेहींनी वही परत करायचं ठरवलं. ठेकेदारांच्या पत्नी नागपुरात मुलीकडं असतात, वय ऐंशीच्या पुढं. मी बरोबर गेलो. त्यांना वाटत होतं की वही घर बदलताना रद्दीत गेली. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘हे अक्षर माझं आहे.’ शिकारीहून आल्यावर यजमान सांगत आणि बाई लिहीत. शिकार त्यांची, हिशेब बाईंचा. अस्वलाच्या नोंदीवर बोट ठेवून मी विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं. त्या माणसाचं नाव, गाव, त्याचा एक डोळा गेला तो. पुढं वर्षभर दर महिन्याला त्याची बायको दारात यायची आणि बाई तिला ज्वारी द्यायच्या, तेही. ‘ज्वारी वहीत नाही, कारण ती ह्यांना ठाऊक नव्हती.’ मग त्यांनी पेन मागितलं आणि त्या पंचवीस रुपयांपुढं नाव घातलं. नाव मी इथं छापत नाही. त्या माणसाची नातवंडं त्याच गावात आहेत.

या बाईंनी रायफल का विकली, तेही ऐकण्यासारखं आहे. पती गेल्यावर तीन हत्यारं मागं उरली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील, वारसाहक्कानं आली तरी, असं ठरलं. मुलीला एकही नको होतं. तोवर ती दुकानदाराकडं जमा होती आणि जमा ठेवण्याचं भाडं दरमहा चढत होतं. दोनदा तिनं अर्ज केले, दोनदा तिला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. शेवटी भाड्यापोटी आणि वर थोडे पैसे घेऊन तिन्ही नग दुकानदारालाच देऊन टाकले. आमच्या भाषेत याला अडलेल्याची विक्री म्हणतात. या विक्रीत घेणारा कधीच तोट्यात जात नाही.

म्हणून काही गोष्टी अशा घरांनी वेळेवर कराव्यात असं मला वाटतं. पहिली, परवानाधारक हयात असतानाच बोलणं. २०१६ च्या नियमांप्रमाणं सत्तरी झालेल्या किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलेल्या धारकाला ते जिवंतपणीच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. पण आपल्याकडं बापाला ‘तुमच्यामागं बंदुकीचं काय’ असं विचारणं अशुभ मानतात. विकायचीच असेल तर परवानाधारकाला ती दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकता येते. पोलीस ठाण्याला किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. दुकानदारच हवा असं नाही. वाड्याच्या माळ्यावर एखादी विसरलेली सापडली तर ‘जुनी आहे, तिला कसला परवाना’ या भ्रमात राहू नये. जुनी म्हणजे सूट नव्हे. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्यारालाच कायदा सोडतो, आणि शंभर वर्षांची माउझर आजही चोख उडते. ताबडतोब पोलिसांना कळवावं. फोटो काढावेत, नंबर लिहून घ्यावेत, व्हार्निश लावू नये. पेटीचे कप्पे उघडून बघावेत.

आणि सरकारकडंही एक मागणं आहे. परवान्यांना आता एकेक ओळख क्रमांक आहे, संगणकावर नोंद आहे. शस्त्राचा नंबर, माप, मालक हे सगळं तिथं येतं. लोक जी हत्यारं जमा करून मोकळे होतात, ती मुद्देमालाच्या खोलीत गंजत पडण्याआधी कुणीतरी जाणत्या माणसानं एकदा नजरेखालून घालावीत, एवढं तर होऊ शकेल? सगळी जपावीत असं मी म्हणत नाही. बहुतेकांची लायकी भंगाराचीच असते. पण कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात छत्रपतींची हत्यारं आणि पेंढा भरलेली जनावरं एका छपराखाली बघायला मिळतात, तेव्हा बघणाऱ्याला दोन्ही बाजू एकदम दिसतात. जिल्ह्या-जिल्ह्याच्या संग्रहालयात निकामी केलेली एखादी रायफल आणि तिच्याशेजारी तिची वही ठेवली, तर शाळेच्या मुलांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याची गरज का पडली हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्या वर्षी देशात १८२७ वाघ मोजले गेले होते. २०२२ चा अंदाज ३६८२ चा आहे, त्यातले ४४४ महाराष्ट्रात.

मध्यंतरी उत्तरेतल्या एका संग्राहकानं स्नेह्यांना निरोप पाठवला. त्याच्या कानावर वहीची गोष्ट गेली होती. वहीसकट असेल तर दिलेल्या पैशाच्या दुप्पट द्यायला तो तयार होता. मी हिशेब करून बघितला : रायफलीचे त्यानं फारसे धरलेच नव्हते. स्नेह्यांनी कळवलं, की वही त्यांच्या मालकीची नाही आणि रायफल विकायची नाही. ती त्यांच्या कपाटात आहे. सतरापैकी एकही काडतूस त्यांनी उडवलेलं नाही.

मूळ वही बाईंकडं आहे. झेरॉक्स एक स्नेह्यांकडं, एक माझ्याकडं आणि एक चंद्रपूरच्या एका निवृत्त वनरक्षकाकडं. वहीतले नाले आणि पाणवठे आजच्या नकाशावर शोधायचं काम या वनरक्षकानं अंगावर घेतलंय. एकंदर एकतीस ठिकाणं आहेत. चोवीस सापडली. दोन इरई धरणाच्या पाण्याखाली आहेत, एकावर कोळशाची खाण आहे. उरलेल्या चारांची नावं आता कुणी घेत नाही, त्यासाठी तो पुढच्या महिन्यात पुन्हा बाईंना भेटायला जाणार आहे.